शिवेचा दगड जागेवरच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात सांगली-मिरज भागातल्या एका रस्त्याच्या रुंदीकरणाची बातमी आली होती. बातमी निविदेची आणि झाडतोडीची होती, पण शेवटी दोन ओळी अशा होत्या की, रस्त्याकडेला असलेला जुना संस्थानी हद्दीचा दगड काढून शहरातल्या एखाद्या बागेत चबुतऱ्यावर बसवावा, वर दिवा सोडावा आणि खाली माहितीची पाटी लावावी, अशी मागणी काही तरुणांनी केली आहे. या तरुणांचा हेतू चांगला आहे. जेसीबीच्या दातांत सापडून दगडाचे तुकडे होण्यापेक्षा तो बागेत तरी राहील, असे त्यांना वाटते. दगडाची काळजी करणारी पोरे आज आहेत याचाच मला आनंद झाला. तरीही त्यांना, रस्त्याच्या अभियंत्यांना आणि दोन्ही ग्रामपंचायतींना मी हात जोडून सांगतो, तो दगड हलवू नका. बागेतही नेऊ नका.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. शंकू-साखळीवर शिकलो, फलकयंत्रावर उभी हयात गेली आणि निवृत्तीच्या तोंडावर ईटीएस हे अंतर आणि कोन मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र हातात आले. शिवाय हा दगड माझ्या घरचाच म्हणायचा. त्याच्या एका अंगाला माझे गाव आणि दुसऱ्या अंगाला माझ्या आजीचे माहेर. बातमीत गावांची नावे नव्हती, मीही लिहीत नाही. असे घडीव दगड हल्ली फार्महाऊसच्या फाटकाशी शोभेला मांडतात आणि त्यासाठी रातोरात उचलून नेतात. ज्यांना ठाऊक असायला हवे त्यांना जागा ठाऊक आहे.

दगड काळ्या पाषाणाचा, चौकोनी घडवलेला, जमिनीच्या वर कमरेएवढा. तेवढाच जमिनीखाली आहे. माथ्यावर छिन्नीने खोल काढलेली फुली आहे. हद्द जाते ती या फुलीच्या मध्यातून, दगडाच्या कडेने नव्हे. नव्या उमेदवारांना आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. पूर्वेच्या अंगावर देवनागरीत ‘सां’ हे अक्षर अजून बोटाने चाचपता येते. पश्चिमेच्या अंगावरचे अक्षर शेंदराच्या थरांखाली गेले आहे, कारण माझ्या जन्माच्या आधीपासून त्या बाजूने दगडाचा म्हसोबा झालेला आहे.

तरुण वाचकांना हा ‘सां’ कशाचा, असा प्रश्न पडेल. आज सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ पासून एकच महानगरपालिका आहे. सांगलीतून रिक्षात बसले की विश्रामबाग, वानलेसवाडी करत मिरज कधी आले ते कळतही नाही. पण १९४८ पर्यंत ही दोन राज्ये होती, आणि आसपासचा मुलूख धरला तर कितीतरी जास्त.

मिरज पटवर्धनांची. १८०० च्या सुमारास चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन आपले चुलते गंगाधरराव यांच्यापासून वेगळे झाले आणि कृष्णाकाठी सांगलीला त्यांनी आपली गादी मांडली. १८२० मध्ये खुद्द मिरजेच्या चार वाटण्या झाल्या. त्यातल्या दोन पुढे खालसा झाल्या. उरली मिरजेची थोरली पाती आणि धाकटी पाती. धाकट्या पातीचा कारभार बुधगावातून चाले, आणि बुधगाव तर सांगलीच्या वेशीवरच म्हणावे इतके जवळ. कुरुंदवाडलाही थोरली आणि धाकटी अशा पात्या झाल्या. तासगावची शाखा १८४८ मध्ये खालसा होऊन तो मुलूख इंग्रजांकडे गेला. कुंडल औंधच्या पंतप्रतिनिधींचे. नदीपलीकडे कोल्हापूरचे राज्य आणि त्यातच इचलकरंजीची जहागीर. सांगली संस्थानाचा मुलूख तरी सलग कुठे होता? थेट बेळगावला खेटून असलेले शहापूर सांगलीकरांचे होते. बेळगाव इंग्रजी, शहापूर संस्थानी, आणि माणसे रोज इकडून तिकडे जात.

मोजणीच्या कामात मी भावकीच्या वाटण्या पुष्कळ पाहिल्या. चांगली जमीन दोघांनाही हवी, विहीर दोघांनाही हवी, मग पट्टे पडतात, तुकडे पडतात, एकाच्या रानात जायला दुसऱ्याच्या रानातून वाट ठेवावी लागते. या संस्थानांच्या हद्दी अशाच वाटण्यांतून पडल्या. म्हणून त्या नदीने किंवा डोंगराच्या धारेने गेलेल्या नाहीत, गावागावांतून वाकड्यातिकड्या गेल्या आहेत. डोंगर आणि नदी हद्दीचे असते तर दगडाची गरज पडली नसती. इथे सपाट काळे रान, दोन्हीकडे तीच ज्वारी, तोच हरभरा. कुठे एक राज्य संपते आणि दुसरे लागते, हे सांगायला दगडाखेरीज काहीही नव्हते.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. पुढच्या वर्षी दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. दगडाचे सरकारी काम तेव्हा अर्धे संपले. अर्धे मात्र आजही चालू आहे, आणि रुंदीकरणाच्या नकाशावर लाल रेघ ओढणाऱ्यांना ते ठाऊक नसावे असे वाटते, म्हणून हे लांबलचक पत्र. त्या कामाकडे येतो, पण आधी आजीचे सांगू द्या.

आजी सांगलीच्या मुलखातली, दिली मिरजेच्या मुलखात. माहेर-सासरमध्ये अंतर दीड कोसाचे, पण फौजदार वेगळा, कचेरी वेगळी, कोर्टाचे स्टँप वेगळे. नागपंचमीला तिला न्यायला मुराळी म्हणून तिचा थोरला भाऊ येई. तो दगडापाशी बैलगाडी सोडून बसे आणि निरोप पाठवी. आजी म्हणायची, “दगडापत्तुर सासर, दगडाफुडं म्हायार.” तिच्या लग्नात नवऱ्या मुलाचे सीमांतपूजन याच दगडापाशी झाले होते. नारळ फोडला, गाड्या थांबल्या, दोन्हीकडचे पाटील भेटले. आता हे पूजन मंगल कार्यालयाच्या दारात होते. तिथे कुठलीच शिव नसते, तरी आपण ते करतो. लहानपणी आजीच्या पायाला मोठे गळू झाले, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला गाडीत घालून हद्द ओलांडून मिरजेच्या वानलेस साहेबांच्या दवाखान्यात नेले होते. तो दवाखाना १८९४ चा. सांगलीची माणसे मिरजेला, मिरजेची सांगलीला, हे येणेजाणे कधी थांबले नाही. हद्द होती, पण ती माणसांना अडवायला नव्हती. कोणाचा हुकूम कुठवर चालतो, एवढेच ती सांगत असे.

ही गोष्ट नुसती घरगुती नाही. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा भूमिगत कार्यकर्त्यांना या हद्दींचा मोठा आधार झाला. इंग्रजी मुलखातल्या पोलिसांना संस्थानच्या हद्दीत शिरून सहजासहजी धरपकड करता येत नसे. कुंडल औंध संस्थानात होते आणि कुंडल हे त्या चळवळीचे मोठे केंद्र होते, हे दोन्ही एकत्र ठेवून पाहिले म्हणजे एखाद्या रात्री अमक्या दगडाच्या अलीकडे असणे आणि पलीकडे असणे यात काय फरक होता ते कळते. आपल्या जिल्ह्यातल्या स्वातंत्र्यलढ्याचा नकाशा काढायचा तर आधी या हद्दी काढाव्या लागतील, आणि हद्दी काढायच्या तर जागेवर उभे असलेले दगड हवेत.

आता त्या उरलेल्या अर्ध्या कामाबद्दल.

संस्थाने गेली, गावांच्या शिवा गेल्या नाहीत. संस्थानची हद्द जिथून जात होती तिथूनच आज दोन गावांची शिव जाते. दोन्ही गावांचे नकाशे त्या रेषेपाशी एकमेकांना भिडतात, दोन्ही गावांच्या जमिनींचे गट तिथे संपतात. मोजणीची जी पद्धत आपण अजून वापरतो तिची सुरुवात आपल्याकडे १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी केली. त्यांची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. पुढे संस्थानांतही हीच पद्धत आली. शेताचे टिपण, म्हणजे मापे लिहिलेला कच्चा नकाशा, काढताना कुठून तरी सुरुवात करावी लागते, आणि ती सुरुवात पक्क्या खुणेपासून होते. शिवेचा दगड ही सगळ्यांत पक्की खूण. नंतर एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले, एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले, पण कागदांच्या तळाशी अजूनही तीच जुनी टिपणे आहेत आणि टिपणांच्या तळाशी तेच दगड.

२००५ च्या महापुरानंतर याचा अनुभव मी घेतला. कृष्णेच्या पाण्याने मळीच्या रानातले बांध धुऊन नेले. आमच्या शिवेला लागून दोन शेतकऱ्यांची रानं, एक या गावचा, एक त्या गावचा. दोघांचाही ऊस आडवा झालेला, दोघेही आधीच खचलेले, आणि त्यात तीन सऱ्यांवरून वाद पेटला. हा म्हणतो बांध इथे होता, तो म्हणतो तिथे. प्रकरण हातघाईवर आले. तातडीची मोजणी लागली आणि ती माझ्याकडे आली. मी माझे सामान मांडत असताना तिथले एक म्हातारे बाबा काठी टेकत आले आणि म्हणाले, “सायब, यंत्र मागनं लावा. आदी त्यो दगुड हललाय का न्हाई त्ये बगा.”

बाबा बरोबर बोलत होते. पुराने दगड कलला असेल, कोणी सोयीप्रमाणे सरकवला असेल, तर त्याच्यापासून घेतलेले प्रत्येक माप चुकणार. आम्ही दोन्ही गावचे पंच उभे करून दगडाच्या बुडाशी एका अंगाने हळूहळू उकरले. कमरेएवढ्या खोलीवर दगडाची बैठक लागली, आणि बैठकीच्या खाली कोळसा आणि फुटक्या खापऱ्यांचा थर. तो थर अबाधित होता. दगड मुळीच हलला नव्हता.

ही कोळशाची आणि खापऱ्यांची रीत फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवेच्या वादांचे प्रकरण आहे. त्यात सांगितले आहे की, वर दिसणाऱ्या खुणांशिवाय गुप्त खुणाही कराव्यात. कोळसा, खापऱ्या, राख, हाडे, कोंडा, वाळू असे जे मातीत लवकर नाहीसे होत नाही ते जमिनीत पुरून ठेवावे. माणूस वरची खूण लबाडीने हलवील, खालची त्याला ठाऊक नसेल, हा त्यामागचा विचार. आमच्या दगडाखाली कोळसा कोणी पुरला, संस्थानच्या कारकुनाने की गावच्या माणसांनी, त्याने काही अडत नाही. ज्याने पुरला त्याला पुढच्या पिढ्यांचे भांडण दिसत होते.

मग आम्ही फुलीपासून माप टाकले. जुन्या टिपणात दगड ते ओढ्याकाठची घडीव विहीर हे अंतर ११ साखळ्या ४ आणे लिहिलेले होते. म्हणजे ३७१ फूट ३ इंच, ११३ मीटरच्या जरासे वर. टेप वितीच्या आत जुळली. विहीर आणि दगड या दोन खुणा जुळल्यावर बांधाची रेषा टाकायला वेळ लागला नाही. संध्याकाळी दोन्ही शेतकऱ्यांनी जबाबावर सह्या केल्या. कोर्टात गेले असते तर त्यांची नातवंडे तारखांना गेली असती. २०१९ ला पुन्हा महापूर आला, पुन्हा रानं पाण्याखाली गेली, आणि तो बांध तिथेच राहिला.

म्हणून मला बागेची सूचना पटत नाही. देवळातली मूर्ती, वीरगळ, तोफ या वस्तू संग्रहालयात नेल्या तर त्यांचे काहीतरी हरवते, पण पुष्कळ उरते. मूर्तीचे कोरीव काम दिसते, वीरगळावरचा वीर दिसतो. हद्दीच्या दगडात पाहण्यासारखे फार नसते. एक फुली, एक अक्षर. त्याचे सगळे मोल तो कुठे उभा आहे यात आहे. दहा फूट सरकवला तरी तो खोटे बोलू लागतो. बागेत चबुतऱ्यावर बसवला तर तिथे येणाऱ्या मुलाला वाटेल, हद्द इथून जात होती. आणि जेसीबीने उपटताना खालचा कोळशाचा थर विस्कटला की मूळ जागा सिद्ध करणारा पुरावाच संपला. मग कोणीही कितीही पाट्या लावल्या तरी दगड पुन्हा जागेवर आणता येणार नाही.

जीपीएस आले, ड्रोन आले, आता दगडांची काय गरज, असे मला माझ्याच खात्यातले तरुण विचारतात. गावठाणांची ड्रोन मोजणी झाली तेव्हा काय केले ते त्यांनीच आठवावे. आधी माणसांनी जाऊन प्रत्येक मिळकतीच्या कडेने चुन्याची रेघ मारली, मग ड्रोन उडाले. यंत्र बिंदू अचूक देते. तो बिंदू कोणाचा, हे यंत्राला ठाऊक नसते. ते जमिनीवरच्या खुणेनेच सांगावे लागते. नव्या यंत्राने या दगडाचे अक्षांश-रेखांश घ्यावेत, जरूर घ्यावेत. माझी तर मागणीच ती आहे. पण आकडे घेतले म्हणून दगड काढावा, हे उफराटे झाले.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे, जी अशा दगडांवर लिहिताना सहसा सुटते. मराठेशाहीत आणि त्यानंतरही गावच्या शिवेचा वाद पडला की महाराची साक्ष घेत. शिव कुठून जाते हे त्याला ठाऊक, कारण शिवेवर राखण करणे, दुसऱ्या गावाला निरोप नेणे, वाटसरूला शिवेपर्यंत पोचवणे ही कामे त्याच्याकडे होती. जुन्या निवाड्यांत डोक्यावर मातीचे ढेकूळ घेऊन शिव चालून दाखवण्याचे दिव्य येते. तो चालला ती शिव. खोटे चालला तर अरिष्ट त्याच्या घरावर येणार, असा तो शपथविधी. ज्या माणसांना गावाने वेशीबाहेर राहायला लावले, पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांच्याच पायांवर आणि शब्दावर गावाने आपली हद्द मानली. आमच्या दगडाजवळ पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर पटवर्धन राजांच्या नावांच्या बरोबरीने ही गोष्ट आली पाहिजे. राजांनी दगड बसवण्याचा हुकूम दिला असेल, पण कुठे बसवायचा ते बोट दाखवून सांगणारा माणूस दुसरा होता.

म्हसोबाचेही ऐका. दगडाला शेंदूर फासतात म्हणून काही सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात, अक्षरे बुजली म्हणतात. अक्षरे बुजली हे खरे. पण शेंदूर होता म्हणूनच कोणी दगडाची पायरी केली नाही, कोणी विहिरीच्या काठाला बसवला नाही. रोगराई आली की आमच्याकडे मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत नेत, तोही याच दगडापर्यंत. बेंदराला बैल दाखवायला आणत. सरकारने या दगडाकडे विलीनीकरणानंतर ढुंकून पाहिले नाही. गावाने मात्र दरवर्षी त्याला नारळ दिला. शेंदूर काढून अक्षर मोकळे करायचे असेल तर ते पुरातत्त्व खात्याच्या जाणत्या माणसाने करावे, आणि म्हसोबाला मानणाऱ्यांना विचारून करावे. घासून, ॲसिड टाकून कोणी उत्साहाने साफ करू नये. दगडाची वरची पापडी निघते आणि अक्षरच जाते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये सीमा आणि सीमाचिन्हे यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. सीमाचिन्हांची जबाबदारी कोणाची, ती दुरुस्त कोणी करायची आणि त्यांना इजा करणाऱ्याला दंड, हे सगळे त्यात लिहिले आहे. म्हणजे नवा कायदा नको, नवी समिती नको. रस्त्याचे काम करणाऱ्या कार्यालयाने तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाला एक पत्र द्यायचे आहे, की आमच्या आखणीत गावशिवेची खूण येते आहे, ती दाखवून द्या. असे पत्र माझ्या माहितीप्रमाणे या कामात गेलेले नाही. ते पावसाळ्याआधी जावे.

रस्ता रुंद व्हायला हवा, याबद्दल माझे दुमत नाही. उसाच्या ट्रॉल्यांनी त्या वळणावर माणसे मेली आहेत, त्यातली काही माझ्या ओळखीची होती. दगड सध्याच्या डांबराच्या कडेपासून चार हातांवर आहे. आखणी मी पाहिली. दगड मुख्य रस्त्यात येतच नाही, गटारात येतो. गटाराची रेषा त्या एवढ्या तुकड्यात दोन हात पश्चिमेला घेतली तर काम भागते. त्या बाजूला घर नाही, विहीर नाही, गायरान आहे. वळणावर गटार थोडे वाकले म्हणून पाणी वाहायचे थांबत नाही. दगडाभोवती गुडघ्याएवढा कठडा घालावा, पण सिमेंटचा चौथरा ओतून बैठक बुजवू नये. उद्या कोणाला कोळशाचा थर पाहावा लागला तर उकरता आले पाहिजे.

मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर सांगणारे मैलाचे दगड आहेत. त्यातले काही पदपथांच्या थरांखाली गाडले गेले होते. तिथल्या महापालिकेने अलीकडे ते मोकळे करून, साफ करून, आहेत तिथेच उभे केले. एवढ्या गर्दीच्या शहरात जे जमले ते आमच्या ज्वारी-उसाच्या रानात जमू नये, असे काही नाही.

बागेची सूचना करणाऱ्या तरुणांना माझे एक आवाहन आहे. तुमचा उत्साह मला हवा आहे. सांगली, मिरज, बुधगाव, कुरुंदवाड, तासगाव, औंध या सगळ्या जुन्या हद्दींवर असे दगड कुठे कुठे उभे असतील. काही बांधात, काही बाभळीच्या बुडात, काही म्हसोबा झालेले. जुने गावनकाशे भूमी अभिलेख कार्यालयातून रीतसर फी भरून मिळतात. नकाशा घेऊन शिवेने चाला, म्हाताऱ्या माणसांना विचारा. दगड सापडला की त्याचा चारही बाजूंनी फोटो घ्या, माथ्याचा वेगळा घ्या. मोबाईलवर जागा नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका. विहीर, देऊळ, पुलाचा कठडा अशा जवळच्या तीन पक्क्या खुणांपासून टेपने अंतर मोजून लिहून ठेवा. तीन मापे असली की दगड उद्या गेला तरी त्याची जागा वहीवरून पुन्हा काढता येते. ही नोंद गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावा. समाजमाध्यमावर नेमकी जागा मात्र टाकू नका, कारण वर लिहिले आहे.

आमच्या दगडाची अशी मोजणी मी निवृत्तीनंतर एकदा करून ठेवली आहे. तिची प्रत दोन्ही ग्रामपंचायतींना दिली होती, पोच माझ्याकडे आहे. रस्त्याच्या कामावरच्या अभियंत्यांना ती हवी असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी आणून देईन. प्रत्यक्ष जागेवर आखणी करताना बोलावले तर टेप आणि जुनी टिपणे घेऊन येईन. गुडघे दुखतात, पण तेवढे चालवते. दोन्ही गावच्या सरपंचांनी आणि म्हसोबाच्या पुजाऱ्यांनी तेव्हा हजर राहावे, आणि गटाराची चुन्याची रेघ सर्वांच्या देखत पडावी, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
मिरज